भात कशाचा होतो?

रोजच्या वापरातल्या साध्या शब्दाचा नेमका अर्थ विचारला की भलेभले अडतात, आणि अडले की वाद रंगतो. भोर-वेल्ह्याच्या पट्ट्यात अशा वादाला सर्वांत जवळचा शब्द म्हणजे भात. पुणे-सातारा महामार्गावरच्या कामथडीतून पश्चिमेला राजगडाच्या बाजूने जावे तसा पाऊस वाढतो आणि भाताची खाचरे दिसू लागतात. तिथे राब भाजून भात पेरतात, रोपे तयार झाली की भात लावतात, दिवाळीच्या सुमारास भात कापतात, झोडतात, पोत्यात भरतात. गिरणीत भरडून त्याचे तूस निघाले की मात्र नाव बदलते आणि त्याचा तांदूळ होतो. तोच तांदूळ पातेल्यात शिजला की पुन्हा भात.

त्यामुळे ‘भात कशाचा होतो?’ या प्रश्नाला शहरातला पाहुणा ‘तांदळाचा’ म्हणतो आणि खाचरात वाढलेले पोर ‘भाताचा’ म्हणते. दोघांची उत्तरे खरी आहेत. इतिहास पाहिला तर पाहुण्याची बाजू थोडी जड आहे. संस्कृत ‘भक्त’ म्हणजे शिजवलेले अन्न, आणि भात हा शब्द तिथून आला; म्हणजे आधी ताटातला भात, मग तेच नाव मागे सरकत पोत्याला आणि शेतातल्या पिकाला मिळाले. सतूस दाण्याला ‘साळ’ असा स्वतंत्र शब्द मराठीत होता आणि अजून आहे. साळीच्या लाह्यांमध्ये तो शहरातही टिकला आहे. पण जो वर्षातले पाच-सहा महिने त्या पिकाच्या चिखलात उभा असतो, त्याचा शब्द कोशात दुसऱ्या क्रमांकावर आला म्हणून दुय्यम ठरत नाही.

भाजीची गोष्ट याच्या अगदी उलट. भाजी आणतात, निवडतात, चिरतात, शिजवतात, वाढतात आणि खातात. वाफ्यापासून ताटापर्यंत नाव एकच. टोमॅटो फळ की भाजी, हा जगभर चवीने घातला जाणारा वादही मराठीने ‘फळभाजी’ या एका शब्दात केव्हाच संपवला आहे.

व्याख्येचा खेळ मनापासून खेळायचा असेल तर त्याचे नियम आपल्याकडे तयार आहेत. न्यायशास्त्राने व्याख्येचे तीन दोष सांगितले: अव्याप्ती, अतिव्याप्ती आणि असंभव. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’च्या परंपरेत हे दोष गायीवरून शिकवतात. ‘तांबूस रंगाची ती गाय’ म्हटले तर पांढऱ्या गायी बाहेर राहतात, ही अव्याप्ती. ‘शिंगे असलेली ती गाय’ म्हटले तर म्हैसही आत शिरते, ही अतिव्याप्ती. ‘अखंड खुराची ती गाय’ म्हटले तर एकही गाय सापडत नाही, हा असंभव.

हेच नियम भाकरीला लावून पाहण्यासारखे आहेत. ‘ज्वारीच्या पिठाची ती भाकरी’ म्हटले की बाजरीची, नाचणीची आणि मावळातली तांदळाची भाकरी बाहेर पडते. ‘पीठ मळून तव्यावर भाजलेली गोल ती भाकरी’ म्हटले की चपाती हक्काने आत येते. चपातीला अडवण्यासाठी ‘हाताने थापलेली’ असे जोडले तर थालीपीठ दारात उभे. तेव्हा तव्यावर टाकल्यावर वरच्या अंगाला पाणी फिरवणे आणि तेलाचा हात न लावणे, या दोन खुणा जोडाव्या लागतात. या खुणा भाकऱ्या थापणाऱ्या बाईच्या हातात असतात. वाद घालणाऱ्यांना त्या सहसा शेवटी आठवतात. एवढी घट्ट व्याख्या करूनही ‘भाकरी खाल्ली का?’ या प्रश्नात भाकरीचा अर्थ अख्खे जेवण असा होतो. भात जेवलेला माणूस त्याला ‘हो’ म्हणतो आणि ते खोटे नसते. साहित्यशास्त्र याला लक्षणा म्हणते. ‘गंगेवर गवळीवाडा’ हे तिचे जुने उदाहरण आहे: वाडा पाण्यावर नसून थडीला आहे, हे ऐकणाऱ्याला कुणी सांगावे लागत नाही.

काळाचे शब्द आणखी चकवतात. हिंदीत ‘कल’ दोन्हीकडे चालते. मराठीने काल आणि उद्या वेगळे ठेवले, पण परवाच्या बाबतीत तीही सैल पडली. ‘परवा आला’ आणि ‘परवा येईल’ यांत क्रियापद निवाडा करते. ‘परवाचे लग्न’ म्हटले की निवाडा करणारेच कुणी उरत नाही, आणि आहेर द्यायचा राहिला की देऊन झाला, हे पुढच्या वाक्यावर ठरते.

आठवड्याचा वाद तर पोरेसुद्धा घालतात. आठवड्यात दिवस सात, मग त्याच्या नावात आठ का? ‘आठ दिवसांनी ये’ म्हणजे पुढच्या त्याच वारी, आणि त्याच्या दुपटीला मात्र ‘पंधरा दिवस’. सोळा नाहीत, चौदाही नाहीत. याचे कारण मोजण्याच्या रीतीत आहे. या बाजारापासून त्या बाजारापर्यंत मोजताना दोन्ही टोकांचे दिवस धरले की आठ भरतात, आणि दोन आठवड्यांना पंधरा. फ्रेंच माणूसही आठवड्याला आठ दिवस आणि पंधरवड्याला पंधरा दिवस म्हणतो. प्राचीन रोममध्ये दर आठव्या दिवशी भरणाऱ्या बाजाराचे नाव नऊवरून पडले होते, तेही याच रीतीने.

असा वाद पैशाला भिडला की कोर्टात जातो. अकोल्याच्या विड्याच्या पानांच्या एका व्यापाऱ्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले आणि १९६१ साली त्याचा निकाल लागला. मध्य प्रांत व वऱ्हाडाच्या १९४७ च्या विक्रीकर कायद्यात भाज्यांना करमाफी होती. पान वेलीवर येते, ते वनस्पतीचाच भाग आहे, तेव्हा ते भाजीत मोडते, असा व्यापाऱ्याचा दावा होता आणि इंग्रजी शब्दकोशाचा अर्थ त्याच्या बाजूने होता. न्यायालयाने तो मानला नाही. शब्दाचा अर्थ कोशातून किंवा वनस्पतिशास्त्रातून न घेता लोकांच्या बोलण्यातून घ्यायचा, आणि परसात पिकवून जेवणात वापरतात ती भाजी, असे न्यायालयाने म्हटले. शिवाय त्या कायद्यात करमाफीसाठी पानांची आधी स्वतंत्र नोंद होती आणि नंतर ती वगळली गेली होती. पान भाजीत मोडत असते तर वेगळ्या नोंदीची गरजच नव्हती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने टोमॅटोवरच्या आयातकरासाठी १८९३ साली हीच वाट धरली होती आणि टोमॅटोला भाजी ठरवले होते.

अकोल्याच्या निकालाचे माप पुढे इतर मालालाही लागले. ऊस हिरवा असतो, शेतात पिकतो, तरी १९६२ साली त्याला हिरव्या भाजीत जागा मिळाली नाही. ओल्या आल्याची भाजी कुणी करत नाही. पण ते भाजीवाल्याकडे मिळते आणि रोजच्या स्वयंपाकात पडते, म्हणून १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने आले भाजीतच धरले.