गोड शब्द कुणासाठी?



सध्या मी नातीकडून इंग्रजी शिकते आहे. कुणी वारले तर ‘डाइड’ नाही, ‘पास्ड अवे’ म्हणायचे. ‘टॉयलेट’ऐवजी ‘वॉशरूम’. नकार देण्याआधी ‘आय ॲम अफ्रेड’ म्हणायचे; त्यात भीती काही नसते, फक्त नकार हलका होतो.

मला हे परके वाटले नाही. आपण तरी दिवा कुठे विझवतो? शांत करतो. दुकान बंद करत नाही, वाढवतो. बांगडी फुटली तरी ‘वाढवली’. निघताना ‘जाते’ नाही, ‘येते’. मुनींच्या पाच समितींत भाषा समिती आहेच. ज्या सत्याने दुसऱ्यावर संकट येईल, ते सत्यही श्रावकाने बोलू नये, असे आचार्य समंतभद्रांनी सांगितले आहे.

पण एका शब्दापाशी मी अडले: ‘पुट टू स्लीप’. कुत्र्याला इंजेक्शन देऊन मारायचे आणि म्हणायचे ‘झोपवले’. युद्धात निरपराध माणसे मेली की ‘कोलॅटरल डॅमेज’. हे ऐकणाऱ्याचे मन जपणे नव्हे. इथे करणाऱ्याने आपली हिंसा स्वतःपासूनच लपवली आहे.

म्हणून मला वाटते, इंग्रजीतले गोड शब्द जरूर शिकावेत, सुना-नातवंडांत संकोच न करता वापरावेत. फक्त प्रत्येक शब्दाला एक प्रश्न विचारावा: तू समोरच्याचे दुःख हलके करतोस, की माझे पाप? पहिला वहीत उतरवावा. दुसऱ्याचाही अर्थ माहीत असू द्यावा, म्हणजे कुणी बोलले तर फसायला होणार नाही.