फाट्यावरची पाटी आणि चौकातला वाढदिवस



गेल्या वेचणीच्या हंगामात आमच्या तालुक्याच्या गावी कापूस-ज्वारीच्या भावासाठी मेळावा ठेवला होता. फाट्यावर पाटी लावली. जुन्या चवाळ्याला चुन्याचा हात दिला, गेरूने वार, तारीख, जागा लिहिली आणि दोन बांबूंना ताणून बांधली. खर्च काय, तर सुतळीचा. तिसऱ्या दिवशी पाटी गायब. चौकशी केली तेव्हा कळले, विनापरवाना म्हणून काढून नेली. पन्नास पावलांवर एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स मात्र जागच्या जागी होता. वाढदिवस होऊन तीन आठवडे उलटले होते. (साहेब एका वर्षाने मोठे झाले, ही बातमी वाटसरूंच्या अजून उपयोगी पडत असावी.)

आमची काही तरुण पोरे तापली. चळवळीच्या पाटीला कसला आलाय कायदा, म्हणू लागली. हे मला पटत नाही. पुढाऱ्याचे कार्यकर्तेही हेच म्हणतात, मग त्यांच्यात आणि आपल्यात फरक काय? रस्ता त्यांच्या बापाचा नाही, तसा आपल्याही नाही. वळणावर फलक ठोकला तर समोरून येणारा ट्रक दिसत नाही आणि त्याखाली कापसाची गाडी घेऊन निघालेला आपलाच माणूस सापडतो. लिंबाच्या झाडाला खिळे ठोकणे, विजेच्या खांबाला तार गुंडाळणे, हे आपल्या पोरांनीही केले आहे. कबूल करून टाकू. 13 मे 2024 रोजी मुंबईत घाटकोपरला पेट्रोल पंपावर लोखंडी फलक कोसळून 17 माणसे मेली. परवानगी मिळते ती 40 फूट बाय 40 फुटांपर्यंत, फलक होता 120 बाय 120 चा. आणि माणसे मेल्यावर जागा कुणाची, परवानगी कुणाची, यावर एक खाते दुसऱ्याकडे बोट दाखवत राहिले.

तेव्हा नियम पाहिजेच. भांडण आहे ते नियम कसा असावा आणि कुणाकुणाला लागावा याचे.

मालमत्तेचे विद्रूपीकरण रोखण्यासाठी महाराष्ट्रात 1995 चा कायदा आहे. लोकांना दिसेल अशा ठिकाणी स्थानिक संस्थेच्या लेखी परवानगीशिवाय जाहिरात लावली, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 2000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. राज्याच्या महामार्गांवरील अतिक्रमणासाठी 1955 चा कायदा वेगळा, राष्ट्रीय महामार्गाच्या जागेसाठी 2002 चा आणखी वेगळा. आता आपला फाटा बघा. एक रस्ता बांधकाम खात्याचा, त्याला येऊन मिळणारा दुसरा गावचा. पाटी मध्ये उभी. परवानगी मागायची कुणाकडे? आम्ही नंतर विचारायला गेलो. बांधकामवाले म्हणाले, पंचायतीत जा. पंचायत म्हणाली, ठाण्याचा ना-हरकत दाखला आणा. ठाण्याने परत बांधकामाकडे पाठवले. वेचणीच्या दिवसांत दोघा जणांचे दोन दिवस मोडले आणि हातात कागद एकही नाही.

परवान्याचा धंदा असाच चालतो. ज्याचा फोन साहेबाकडे जातो त्याला परवाना लागत नाही. ज्याला परवाना लागतो त्याला तो मिळत नाही. खताच्या, वीजजोडणीच्या, कापूस राज्याबाहेर नेण्याच्या बाबतीत आपण हे एकेकाळी भोगलेच आहे. मुंबई उच्च न्यायालयाने 31 जानेवारी 2017 रोजी बेकायदा फलक काढण्याचे आदेश दिले. आमचे कार्यकर्ते असे फलक लावणार नाहीत, अशी हमी राजकीय पक्षांनी न्यायालयाला दिली होती. 2024 साली त्याच न्यायालयाला त्याच हमीवरून पक्षांना नोटिसा काढाव्या लागल्या. ज्यांनी हमी मोडली त्यांचे फ्लेक्स आजही चौकात हसत उभे आहेत आणि गेरूची पाटी ट्रॅक्टरमध्ये टाकून नेली जाते.

पाटीची भीती का वाटते, तेही सांगतो. ऑक्टोबर 2023 मध्ये मराठा आरक्षणाच्या मागणीसाठी मराठवाड्यात गावोगाव वेशीवर पुढाऱ्यांना गावबंदीचे फलक लागले. मोठमोठ्या ताफ्यांना वाटेतून फिरावे लागले. त्या मागणीबद्दल कुणाचे काहीही मत असो, चार फुटांचा फलक काय करू शकतो हे सगळ्यांनी पाहिले. आपल्याकडे वर्तमानपत्रात जाहिरात द्यायला पैसा नाही. कोरडवाहू शेतकऱ्याला सभेची वार्ता कळते ती बाजाराच्या दिवशी फाट्यावर एसटीची वाट बघताना.

जिल्हा बैठकीत मांडायचा ठराव असा. सभेची सूचना देणारी, ठरावीक मापाची, ठरावीक दिवसांची पाटी लावायला परवाना नको, एका ठिकाणी लेखी कळवणे पुरे. ते एक ठिकाण कोणते, हे जिल्हाधिकाऱ्यांनी जाहीर करावे. काढायची झाली तर मुदत संपलेल्या सगळ्या पाट्या एकाच दिवशी निघाव्यात, वाढदिवसासकट. आपल्या बाजूने आपण लिहून द्यायचे: वळणावर नाही, झाडावर नाही, विजेच्या खांबावर नाही, पाटीवर लावणाऱ्याचे गाव आणि तारीख, आणि सभा झाली की दुसऱ्या दिवशी पाटी खाली.

बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपल्या फाट्यावर आज काय काय लागले आहे, कुणाचे आणि किती दिवसांपासून, त्याची यादी करून आणावी. शक्य तिथे फोटोही.