सभासदांची यादी कोठे आहे?

शिरूरहून न्हावरे मार्गे चौफुल्याकडे जाताना, भीमा ओलांडण्यापूर्वी, एका गावी मी नेहमी थांबतो. तेथे आपल्या चळवळीतील एक जुने कार्यकर्ते राहतात. वय ऐंशीच्या घरात, शेती थोडी, वाचन मात्र दांडगे. मागच्या भेटीत त्यांनी मला विचारले, "सर, मी पक्षाचा सभासद आहे की नाही, हे बघायचं कुठं?" १९६७ पासूनच्या वर्गणीच्या पावत्या त्यांनी पत्र्याच्या ट्रंकेत जपून ठेवल्या आहेत. त्या पावत्यांवर संयुक्त सोशॅलिस्ट पक्ष आहे, १९७१ चा सोशॅलिस्ट पक्ष आहे, जनता पक्ष आहे आणि जनता दलही आहे. पावती देणारे बदलले, पक्षाचे नाव बदलले. वर्गणी देणारा गृहस्थ तोच राहिला. मी तालुक्यात चौकशी केली, जिल्ह्यात केली. यादी आहे असे सांगणारे अनेक भेटले, ती दाखवणारा एकही भेटला नाही.

हेच गृहस्थ सहकारी साखर कारखान्याचे भागधारक आहेत. कारखान्याची निवडणूक आली की मतदारांची कच्ची यादी प्रसिद्ध होते, हरकतींसाठी मुदत दिली जाते, मग अंतिम यादी लागते. एकदा त्यांच्या वडिलांच्या नावात चूक झाली होती. त्यांनी हरकत घेतली आणि ती दुरुस्त झाली. ज्या संस्थेला ते ऊस घालतात तिला त्यांचे नाव ठाऊक आहे. ज्या पक्षासाठी त्यांनी आयुष्य घातले त्याला ते ठाऊक नाही.

समाजवादी पक्षाच्या संघटनेविषयी लिहिताना आपण बहुधा पुढाऱ्यांविषयी लिहितो. ते स्वाभाविकही आहे. आचार्य नरेंद्र देव, जयप्रकाश, लोहिया, आणि आपल्याकडे एसेम व नानासाहेब गोरे, अशी माणसे इतर कोणत्या पक्षाला एकाच पिढीत लाभली? परंतु या थोर वारशामुळेच आपल्याला एक सवय जडली. पुढाऱ्याचा त्याग निर्विवाद असला की पक्षाची घटना कशी चालते हे कोणी तपासत नाही. त्याग हा नियमाला पर्याय आहे, असे आपण न बोलता मान्य करून टाकले. माझ्या मते आपल्या फाटाफुटींचे मूळ सिद्धांतातील मतभेदांपेक्षा या सवयीत अधिक आहे.

इतिहास पाहावा. नाशिकच्या तुरुंगातील चर्चांतून १९३४ साली काँग्रेस समाजवादी पक्ष उभा राहिला तो निवडक, तावूनसुलाखून घेतलेल्या कार्यकर्त्यांचा पक्ष म्हणून. १९४८ मध्ये काँग्रेसबाहेर पडल्यावर १९४९ च्या पाटणा अधिवेशनात पक्षाने नवी घटना स्वीकारली व सर्वसामान्य सभासदांसाठी दार उघडले. पाऊल योग्यच होते. मात्र दार उघडल्यावर आत येणाऱ्याचे नाव लिहून घ्यावे लागते, त्याला मत द्यावे लागते, आणि ते मत पुढाऱ्याच्या मनाविरुद्ध गेले तरी मोजावे लागते. हे शेवटचे काम आपल्याला जमले नाही.

१९५४ साली त्रावणकोर-कोचीनमध्ये पट्टम थाणू पिळ्ळै यांच्या नेतृत्वाखालील प्रजासमाजवादी सरकारच्या पोलिसांनी गोळीबार केला, माणसे मेली. सरचिटणीस असलेल्या लोहियांनी तुरुंगातून मंत्रिमंडळाच्या राजीनाम्याची मागणी केली. लोहियांचा प्रश्न नैतिकदृष्ट्या रास्त होता असे मी आजही मानतो. पण पक्षाचे सरकार पक्षाला किती आणि कोणत्या मार्गाने उत्तरदायी, हा संघटनेचा प्रश्न होता. त्याचे उत्तर व्यक्तींच्या निष्ठांमध्ये शोधले गेले. पुढच्याच वर्षी मधू लिमये यांना नेतृत्वावरील जाहीर टीकेबद्दल निलंबित करण्यात आले, मग लोहियांनाही. १९५५ संपता संपता पक्ष दुभंगला. १९६४ मध्ये जुळला, १९६५ मध्ये पुन्हा तुटला, १९७१ मध्ये पुन्हा जुळला. या सर्व घडामोडींत गावोगावच्या वर्गणीदाराला कौल विचारल्याचे मला आढळलेले नाही.

१९७७ मध्ये मी अठरा वर्षांचा होतो. सोशॅलिस्ट पक्ष जनता पक्षात विलीन झाला त्या दिवसांत आम्ही आनंदात होतो; आणीबाणी नुकतीच सरली होती, शंका काढणारा कद्रू वाटला असता. पुढे जनता पक्षाच्या संघटनात्मक निवडणुका लांबत गेल्या. सभासद नोंदणी ही घटक गटांची आपापसांतील चढाओढ होऊन बसली. १९७९ मध्ये घर कोसळले तेव्हा परत जायला आपले जुने घर राहिले नव्हते.

हे केवळ आपल्यापुरते नाही. राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष २०२३ साली फुटला. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी निवडणूक आयोगाने पक्षाचे नाव व चिन्ह कोणाचे याचा निर्णय दिला, तो आमदार-खासदारांची संख्या मोजून. संघटनेतील बहुमत कोणाकडे, हे ठरवण्यास पक्षांतर्गत निवडणुकांचा विश्वासार्ह आधारच आयोगाला सापडला नाही. त्यानंतरच्या लोकसभा निवडणुकीत शिरूरच्या मतदारांनी आणि दौंड ज्यात मोडते त्या बारामतीच्या मतदारांनी आपला कौल दिला. मतदाराला विचारले गेले. सभासदाला मात्र कोणीच विचारले नाही. त्या पक्षाबद्दल मला ममत्व नाही. पण उद्या आपला पक्ष कोणी उचलून नेला, तर तो आपला होता हे सिद्ध करण्यास आपल्याजवळ त्या ट्रंकेतील पावत्यांवाचून काय आहे?

रॉबर्ट मिशेल्स या अभ्यासकाने १९११ साली, मुख्यतः जर्मन समाजवादी लोकशाही पक्ष समोर ठेवून, संघटना वाढली की सत्ता मूठभरांच्या हाती जाणारच असे प्रतिपादन केले. आमच्या पिढीच्या अध्यापकांना हा सिद्धांत फार प्रिय. निष्क्रियतेला त्याचा चांगला आधार मिळतो. त्याच जर्मन पक्षाने २०१८ मध्ये आघाडी सरकारात जावे की नाही हे ठरवण्यासाठी साडेचार लाखांहून अधिक सभासदांचे मत टपालाने मागवले. सुमारे दोन तृतीयांशांनी होकार दिला. त्यांचा निर्णय चूक की बरोबर हा वेगळा वाद. निर्णय कोणाचा होता याविषयी वाद राहिला नाही. इतक्या दूर जायचेही कारण नाही. दौंडच्या रेल्वे कामगाराने डिसेंबर २०२४ मध्ये, कोणत्या संघटनेला मान्यता मिळावी यासाठी गुप्त मतदान केले.

यावर दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही खोटे नाहीत. पहिला असा की, कारखान्यांच्या याद्या चोख असूनही संचालक मंडळे त्याच त्या घराण्यांत फिरतात. खरे आहे. चोख यादी लोकशाहीची हमी देत नाही. पण यादीमुळे निदान हरलेल्याला आपण किती मतांनी हरलो हे कळते आणि तो पुन्हा उभा राहतो. आपल्याकडे हरलेला नवा पक्ष काढतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: नोंदणी खुली केली की पैसेवाला पावतीपुस्तके विकत घेईल. म्हणून वर्गणी ज्याची त्यानेच द्यावी, मग ती दहा रुपये का असेना, आणि सभासदांची नावे वर्षातून एकदा गावातच जाहीर वाचून दाखवावीत. गावात बनावट नाव लपत नाही.

(आपण थोडे आहोत हे यादीवरून उघड होईल, असेही एका मित्राने सुचवले. थोडे आहोत हे विरोधकांना आधीच ठाऊक आहे.)

माझी सूचना मर्यादित आहे. राज्य अधिवेशनात नवा ठराव नको. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांतच आरंभ करावा. जुन्या सभासदांनी पावत्या, टिपणवह्या, जे असेल ते घेऊन यावे. कच्ची यादी करावी, महिनाभर हरकती ऐकाव्यात, अंतिम यादी तालुका कचेरीत टांगावी. तिच्यावरून गुप्त मतदानाने तालुका कार्यकारिणी निवडावी. युती वा विलीनीकरणाचा प्रश्न पुढे आला तर या दोन तालुक्यांचा कौल आधी, लेखी, जिल्ह्याकडे जावा. वरिष्ठांनी तो मानला नाही, तर का मानला नाही याचे उत्तरही लेखीच मागावे. न्हावऱ्याकडच्या त्या गृहस्थांना मी हे बोलून दाखवले. ते ट्रंक घेऊन यायला तयार आहेत; बैठक मात्र सकाळची ठेवा म्हणाले, रात्रीची परतायला एसटी मिळत नाही.