देवळाचे दार बंद होते तेव्हा

उपासना खरी की दिखाऊ, हे ओळखण्याची एक साधी कसोटी आहे. देवळाचे दार बंद झाले म्हणजे श्रद्धावंताच्या घरात काय उरते, ते पाहावे. मुंबईच्या उपनगरांतील ख्रिस्ती समाजाला या कसोटीस निदान तीन वेळा उतरावे लागले, आणि तिन्ही वेळा निमित्त रोगाच्या साथीचेच होते. सर्वाधिक साधने हाताशी असलेली आजची पिढी या कसोटीत सर्वांत उणी ठरली, असे आमचे स्पष्ट मत आहे. हे मत कटू वाटेल. तरीही ते मांडणे आम्हांस आवश्यक वाटते.

अंधेरी पूर्वेला, सीप्झच्या कुंपणाआड, एका देवळाचे भग्नावशेष उभे आहेत. १५७९ साली येशूसंघीय धर्मगुरूंनी बांधलेले, संत योहान बाप्तिस्ता यांच्या नावाचे हे देऊळ. १८४० साली साथ आली, गाव उठले आणि देऊळ ओस पडले. लोक मरोळला गेले व तेथे त्यांची उपासना नव्याने सुरू झाली. भिंती मागे राहिल्या, भक्ती माणसांबरोबर चालत गेली. ज्या समाजाची प्रार्थना केवळ भिंतींत असते, त्याला असे स्थलांतर पेलवत नाही.

पुढे १८९६ साली मुंबईत प्लेग आला. त्या काळात गावठाणागावठाणांतून, वाडीच्या तोंडाशी, विहिरीच्या कडेला क्रूस उभे राहिले. कित्येकांवर कोरलेली ती साले आजही वाचता येतात. संध्याकाळी वाडीतील माणसे त्या क्रूसापाशी जमत, मेणबत्ती लावत, जपमाळ म्हणत, लितानी गात. प्रार्थना पुढे चालवण्यास घरातील थोरली बाई पुरेशी असे. तिला अक्षरओळख असेलच असे नव्हते, परंतु तिला प्रार्थना मुखोद्गत होत्या.

तिसरी वेळ आपल्या डोळ्यांसमोरची आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. त्या वर्षीचा पवित्र आठवडा आणि १२ एप्रिलचा पुनरुत्थानाचा सण देवळाविना गेला. महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी पुन्हा खुली झाली. या काळात पवित्र मिस्सा पडद्यावरून घरोघर पोहोचली. वृद्धांना व आजाऱ्यांना तिचा केवढा आधार झाला, हे आम्ही कृतज्ञतेने मान्य करतो. धर्मगुरूंनी रिकाम्या बाकांपुढे वेदीवर उभे राहून आपले कर्तव्य निष्ठेने बजावले, याबद्दलही शंका नाही.

परंतु प्रश्न पडद्याच्या अलीकडच्या बाजूचा आहे. मिस्सा घरात आली. घर प्रार्थनेला बसले काय? चहाचा कप हाती, पाय खुर्चीवर, मधूनच स्वयंपाकघरात फेरी, आणि प्रवचन लांबले की दुसऱ्या धर्मग्रामाची मिस्सा लावणे, हे चित्र किती घरांतून दिसले! काही कुटुंबांनी त्या दिवसांत विसरलेली जपमाळ पुन्हा हाती घेतली, हे खरे. देवळे उघडताच त्यांतील कित्येकांची जपमाळ पुन्हा खणात गेली, हेही तितकेच खरे. प्रेक्षक होण्याची सवय मात्र टिकली. ती सवय घेऊनच समाज देवळात परतला.

त्याचा पुरावा कोणत्याही रविवारी पाहावा. मुलाच्या प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकाराचा दिवस म्हणजे हॉल, केटरर, बँड आणि भेटवस्तूंची यादी. विवाहविधीत छायाचित्रकार वेदीच्या पायरीपर्यंत चढतात व वधूवरांनी शपथ घेताना कोठे पाहावे हेही सांगतात. सणाच्या नोव्हेनापेक्षा त्यानंतरच्या करमणुकीच्या कार्यक्रमाची तयारी अधिक दिवस चालते. आमचा आनंदाला विरोध नाही. काना येथील लग्नात द्राक्षारस देणारा प्रभू आपला आहे. परंतु ज्या घरात वर्षभर मुलाने वडिलांना गुडघे टेकलेले पाहिले नाही, त्या घराचा हा थाट कोणाच्या गौरवासाठी असतो?

यावर काही सुशिक्षित मंडळी म्हणतात की दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर असल्या जुन्या भक्तीचे महत्त्व उरलेले नाही. मिस्सा हेच सर्वस्व. ही परिषदेची निव्वळ विटंबना आहे. ४ डिसेंबर १९६३ रोजी जाहीर झालेल्या उपासनाविषयक दस्तऐवजाने मिस्सेत सर्वांच्या सजग व सक्रिय सहभागाचा आग्रह धरला. त्याच दस्तऐवजाने असेही बजावले की ख्रिस्ती माणसाचे आध्यात्मिक जीवन सामुदायिक विधीत संपत नाही. त्याने आपल्या खोलीत शिरून एकांतातही पित्याची प्रार्थना केली पाहिजे. २१ नोव्हेंबर १९६४ च्या ख्रिस्तसभाविषयक दस्तऐवजाने तर कुटुंबाला घरगुती ख्रिस्तसभा म्हटले आणि आईवडिलांना मुलांचे पहिले सुवार्तिक ठरवले. त्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, २ डिसेंबर रोजी, पोप पॉल सहावे आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेससाठी याच उपनगरातील सांताक्रूझ विमानतळावर उतरले. याच पोपमहोदयांनी १९७४ साली कुटुंबाने एकत्र जपमाळ म्हणावी असा आग्रहाचा उपदेश केला. परिषदेने घरातली प्रार्थना मोडली नाही. ती मोडणाऱ्यांनी परिषदेचे नाव पुढे केले.

दुसरी सबब वेळेची. मुलुंडहून किंवा बोरिवलीहून लोकलने निघालेला माणूस रात्री कोणत्या अवस्थेत घरी पोहोचतो, हे आम्ही जाणतो. पाळीची नोकरी, एका खोलीचा संसार, परीक्षा, शिकवण्या, सारे खरे आहे. पण हेच थकलेले लोक बुधवारी माहीमच्या संत मायकलच्या देवळात नोव्हेनासाठी गाडीच्या गर्दीतून जातात आणि तेथे रांगेत उभे राहतात. त्या श्रद्धेला आम्ही कमी लेखत नाही. आमचे म्हणणे इतकेच, की नोकरी, घर, व्हिसा मागण्यासाठी दोन तास निघत असतील, तर काही न मागता देवापुढे बसण्यासाठी दहा मिनिटे निघत नाहीत, हे पटण्याजोगे नाही. मालिकेला आणि मोबाइलला तर वेळ कोणी शोधून द्यावा लागत नाही.

तिसरी सबब सर्वांत धोक्याची: मुलांना धर्मशिक्षण रविवारच्या वर्गात मिळतेच. आठवड्याच्या १६८ तासांतील एक तास! त्या तासात मूल उत्तरे पाठ करते. प्रार्थना ते उत्तरांवरून शिकत नाही, माणसांवरून शिकते. शिवाय आपल्या मराठी कुटुंबांपुढे आणखी एक पेच आहे. घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंडच्या वस्त्यांतून नगर, जालना भागातील जी कुटुंबे स्थिरावली, त्यांनी हरेगावच्या मतमाउलीची भक्ती आणि भजनाची गोडी गाठीला बांधून आणली होती. गावठाणातील कुटुंबांपाशी त्यांची लितानी होती. आज आजी मराठीत प्रार्थना करते, नातू इंग्रजीत, आणि मधल्या पिढीला दोहोंपैकी एकही पुरी येत नाही. १६१६ साली छापल्या गेलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’चा वारसा सांगणाऱ्या समाजाच्या घरात ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ म्हणताना जीभ अडखळावी, ही केवळ भाषेची हानी नव्हे. आजी गेली की तिच्याबरोबर त्या घरातली प्रार्थनाही जाते.

तेव्हा आमची मागणी पालकांकडे आहे. रात्रीच्या जेवणापूर्वी दहा मिनिटे, मोबाइल बाजूला. वेदीवर एक मेणबत्ती. शुभवर्तमानाचा एक उतारा घरातल्या सर्वांत लहानाने वाचावा. जपमाळेचे एक दशक थोरल्याने चालवावे, शक्य तेथे मराठीत. दिवसभरात कोणाला दुखावले असेल तर त्याची क्षमा त्याच जागी मागावी. पाळीमुळे सारे एकत्र येत नसतील, तर जे घरी असतील त्यांनी बसावे. दोघे किंवा तिघे पुरेत, असे आश्वासन खुद्द प्रभूने दिलेले आहे.

आमची मागणी धर्मग्रामांकडेही आहे. सभा आणि तालमी संध्याकाळी इतक्या लांबवू नयेत की घरातल्या माणसाला घरची प्रार्थना चुकावी. प्रथम ख्रिस्तशरीराच्या तयारीत मुलाइतकेच आईवडिलांना शिकवावे. लहान ख्रिस्ती समूहांनी वर्षातून एकदा मोठा मेळावा भरवण्यापेक्षा ज्या घरात प्रार्थना थांबली आहे तेथे आठवडाभर जाऊन बसावे.

चौथी साथ केव्हा येईल, हे कोणी सांगू शकत नाही. साथ आली नाही तरी प्रत्येकाच्या वाट्याला एक दिवस अंथरूण येतेच आणि देवळापर्यंतचा रस्ता तुटतो. त्या दिवशी उशाशी बसून मराठीत एक ‘नमो मरिया’ म्हणू शकेल असे कोणी आपल्या घरात असेल काय? याचे उत्तर आज रात्री जेवणापूर्वीच्या दहा मिनिटांत ठरणार आहे.