पाच लाखांचा देश वर्ल्ड कपला, साडेसोळा लाखांचा जिल्हा कुठे?

केप व्हर्दे! १९७५मध्ये पोर्तुगालपासून स्वतंत्र झालेला, अटलांटिकमधल्या बेटांचा देश. लोकसंख्या जेमतेम सव्वापाच लाख. २०११च्या जनगणनेत आपला नंदुरबार जिल्हाच साडेसोळा लाखांचा होता. तरी ऑक्टोबर २०२५मध्ये कॅमेरूनला मागे टाकून या देशाने २०२६च्या फुटबॉल वर्ल्ड कपचं तिकीट काढलं.

जमलं कसं? पोटापाण्यासाठी परदेशी गेलेल्यांची, तिकडेच फुटबॉल शिकलेली मुलं त्यांनी शोधून काढली. डब्लिनमध्ये जन्मलेला डिफेंडर रॉबर्टो लोपेस तर लिंक्डइनवरच्या मेसेजमधून टीममध्ये आला!

स्थलांतर आपल्यालाही नवं नाही. जिल्ह्यातली कितीतरी आदिवासी कुटुंबं दरवर्षी ऊसतोडीला गुजरातेत जातात, सोबत पोरंही. शाळा सुटते, मैदानही सुटतं. तिकडे स्थलांतरितांची मुलं टीमची ताकद झाली. इकडे ती मोजणीतच येत नाहीत.

१५ सप्टेंबर २०१७ला ‘मिशन वन मिलियन’मध्ये राज्यभरची पोरं फुटबॉल खेळली. छानच, पण एका दिवसात टीम घडत नाही. कुटुंबं गावी असतात त्या पावसाळ्यात दरवर्षी तालुक्यांच्या मॅचेस भरवल्या तर? सुरुवात आपल्या कॉलेजच्या मैदानापासून करू या की!