पाकिटावरील नाव आणि आतील सही



निपाणीच्या वेशीला लागूनच अर्जुननगर आहे. जिल्हा कोल्हापूर, तालुका कागल. पण तेथील देवचंद महाविद्यालयाच्या पत्त्यात 'मार्गे निपाणी' असे लिहितात आणि पिनकोडही निपाणीचाच पडतो. महाराष्ट्रातील पत्र कर्नाटकातील टपालातून यावे, याचे आपणां सीमाभागातील लोकांस नवल वाटत नाही. संगणकावरील पत्राचा, म्हणजे ईमेलचा, प्रवासही असाच चार ठिकाणांहून होतो. मात्र तेथे पत्र पोचविणारा कोण, आणि पत्रावर ज्याचे नाव आहे त्यानेच ते धाडले काय, हे पाहणारा ओळखीचा पोस्टमन नसतो.

शाळेच्या नावाने एक पत्र येते : 'यापुढे शुल्क पुढील नव्या खात्यात भरावे.' मुलगा दुबईस नोकरीला. तो तेथूनच पैसे भरून मोकळा होतो. पत्रावरील नाव शाळेचे, पत्ता शाळेचा, आणि लिहिणारा मात्र भलताच! असे होऊ शकते, कारण ईमेल पाठविण्याचे जे नियम जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहून काढले, त्यांत पाठविणाऱ्याची ओळख पटविण्याची तजवीजच नव्हती. त्या काळी मोजक्याच संस्था एकमेकींस पत्रे धाडीत. संशय घ्यावयाचे कारण नव्हते.

पुढे यावर तीन उपाय निघाले. ज्या शाळेचे, पतसंस्थेचे अथवा धर्मग्रामाच्या कचेरीचे स्वतःचे डोमेन आहे, त्यांनी हे तिन्ही आपल्या येथे आहेत की नाहीत, ते तपासून घ्यावे. ते डोमेनच्या डीएनएस नावाच्या जाहीर नोंदवहीत लिहिलेले असतात.

पहिला उपाय एसपीएफ. 'आमची पत्रे अमुक अमुक सर्व्हरच नेतील' अशी ही यादी होय. येथे दोन चुका वारंवार आढळतात. एका डोमेनला अशी नोंद एकच असावी लागते. दोन झाल्या की दोन्ही निकामी. शिवाय ही यादी वाचताना घेणाऱ्याला डीएनएसमध्ये दहापेक्षा अधिक वेळा शोध घ्यावा लागला, तर तो तपासणीच फसली असे धरतो. यादीच्या शेवटी 'ऑल' हा शब्द असतो व त्यापूर्वी एक चिन्ह. तेथे अधिक चिन्ह असल्यास जगातील कोणीही आपल्या नावे पत्र धाडावे, अशी परवानगीच आपण दिली असे होते! तेथे उणे चिन्ह, निदान नागमोडी रेघ, हवी.

पण एसपीएफ पाहतो तो पाकिटावरील पत्ता. आतील कागदावर कोणाचे नाव आहे ते नव्हे. आणि पत्र 'मार्गे निपाणी' आले, म्हणजे एका पत्त्यावरून दुसरीकडे वळविले गेले, की मधला सर्व्हर यादीत नसल्यामुळे खरे पत्रही नापास होते. म्हणून दुसरा उपाय, डीकेआयएम. हा सहीचा प्रकार आहे. गुप्त किल्ली पाठविणाऱ्या सर्व्हरजवळ राहते आणि ती सही पडताळण्याची दुसरी किल्ली डीएनएसमध्ये सर्वांसाठी ठेवलेली असते. सही केलेला मजकूर वाटेत बदलला तर सही जुळत नाही. न बदलता कितीही हातांतून गेला तरी ती टिकते. किल्ली २०४८ बिटांची असावी.

तिसरा उपाय डीमार्क. आत दिसणारे नाव वरील दोहोंपैकी एकाशी तरी जुळते काय, हे तो पाहावयास लावतो, आणि न जुळल्यास काय करावे तेही घेणाऱ्यास सांगतो : 'नन' म्हणजे काही करू नका, 'क्वारंटाइन' म्हणजे बाजूला ठेवा, 'रिजेक्ट' म्हणजे घेऊच नका. पुष्कळ संस्था 'नन' लिहून स्वस्थ बसतात. हे दाराला कडी बसवून ती न लावण्यासारखे आहे. तथापि पहिल्याच दिवशी 'रिजेक्ट' लिहिणेही शहाणपणाचे नव्हे. डीमार्कमध्ये अहवालासाठी एक पत्ता देता येतो; मोठ्या कंपन्या बहुधा रोज त्यावर हिशेब धाडतात. काही आठवडे ते अहवाल वाचले की विसरलेले पाठविणारे सापडतात : शुल्काची पावती पाठविणारे सॉफ्टवेअर, कोणी कधी काळी जोडलेली संदेशसेवा. त्यांची व्यवस्था लावून मगच पुढची पायरी चढावी.

हे न केल्यास आपलीच खरी पत्रे अडकतात. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनी पत्र पाठविणाऱ्या प्रत्येकास पहिल्या दोहोंपैकी निदान एक उपाय सक्तीचा केला, आणि मोठ्या प्रमाणावर पाठविणाऱ्यांस तिन्ही. गूगलच्या लेखी हे प्रमाण दिवसाला ५,००० पत्रांचे आहे.

जुन्या नावांचेही पाहावे. १ नोव्हेंबर २०१४ रोजी बेळगावचे सरकारी नाव बेळगावी झाले. रिझर्व्ह बँकेने तर ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत बँकांनी 'डॉट बँक डॉट इन' या नावाखाली यावे, अशी आज्ञा केली. ज्या संस्थेने नवे डोमेन घेतले, तिने जुने वाऱ्यावर सोडू नये. त्याचे नूतनीकरण चालू ठेवून, 'येथून कोणतेही पत्र निघत नाही' अशी एसपीएफची नोंद आणि डीमार्कचा 'रिजेक्ट' तेथे लिहून ठेवावा.

इतके करूनही एक फसवणूक उरतेच. २०१५ साली ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीचे नाफ्थाच्या विक्रीचे सुमारे १९७ कोटी रुपये भामट्यांनी आपल्या खात्याकडे वळविल्याची तक्रार मुंबईच्या सायबर पोलिसांकडे झाली. खरेदीदार होती सौदी अरामको. भामट्यांनी केले काय, तर डोमेनमधील 'एन' व 'जी' या दोन अक्षरांची अदलाबदल! ते डोमेन त्यांचे स्वतःचेच असल्यावर त्याची यादी आणि सही ते बिनचूक करू शकतात. तिन्ही उपाय तेथे हात टेकतात.

तेव्हा घरच्यांनी काय करावे? जीमेल संगणकावर उघडल्यास पत्राच्या कोपऱ्यातील तीन ठिपक्यांखाली 'शो ओरिजिनल' असे असते. तेथे तिन्ही उपायांपुढे 'पास' आहे काय ते वाचावे, आणि डोमेनचे नाव एकेक अक्षर लावून पाहावे. खाते बदलल्याचे कळविले असेल, तर पत्रातील क्रमांकावर फोन न करता गेल्या वर्षीच्या पावतीवर छापलेल्या क्रमांकावर करावा.