रोगाचा शेष

गेल्या महिन्यांत आमच्या एका वृद्ध स्नेह्यांच्या फुप्फुसांत दीड सेंटिमीटरची गांठ निघाली. ती कर्करोगाची ठरली. पण लहान, आणि स्कॅनमध्यें अन्यत्र कांहीं दिसत नव्हतें. म्हणून शस्त्रवैद्यांनीं फुप्फुसाचा संबंध खंड न काढतां त्याचा एक भागच काढला. घरच्यांनीं सुटकेचा श्वास सोडला. आठव्या दिवशीं प्रयोगशाळेचा कागद आला. बरोबर काढलेल्या लसिकाग्रंथींपैकीं एकींत कर्करोगाच्या पेशी सांपडल्या होत्या.

त्याच संध्याकाळीं दोघे चिरंजीव आमच्याकडे आले. धाकटा म्हणाला, "मास्तर, डॉक्टरांनीं काप लहान घेतला आणि रोग मागें ठेवला." थोरला म्हणाला, "आतां हें बाबांना कळतां कामा नये."

प्रथम धाकट्याचें म्हणणें पाहूं. ऋण, अग्नि आणि रोग यांचा शेष ठेवूं नये, ही आपली जुनी शिकवण खरीच. परंतु शेष कोठें होता? फुप्फुसांतील लसिका नांवाचा रस सूक्ष्म वाहिन्यांनीं ग्रंथींकडे जातो, व त्याबरोबर रोगाच्या पेशीहि जाऊं शकतात. ग्रंथि फुगलेली नसेल तर तींतील थोड्याशा पेशी स्कॅनला दिसत नाहींत. त्या सूक्ष्मदर्शकासच दिसतात.

१९९५ सालीं प्रसिद्ध झालेल्या उत्तर अमेरिकेंतील चांचणींत मर्यादित शस्त्रक्रियेनंतर रोग त्याच बाजूस उलटण्याचें प्रमाण सुमारें तिप्पट आढळलें. त्यामुळें संबंध खंड काढण्याचा प्रघात दृढ झाला. पुढें २०२२ सालीं जपानांतील ११०६ रोग्यांच्या चांचणीचा निकाल आला. गांठ २ सेंटिमीटरपर्यंतचीच होती. पांच वर्षांनीं मर्यादित शस्त्रक्रियेचे शेंकडा ९४.३, तर संबंध खंड काढलेले शेंकडा ९१.१ हयात होते. जागच्या जागीं रोग उलटणें मात्र तेथेंहि अधिकच होतें. आणि शस्त्रक्रिया चालूं असतां ग्रंथींत रोग दिसल्यास संबंध खंड काढावा, असा नियम होता. म्हणजे काप लहान असणें हा दोष नव्हे. ग्रंथी न तपासणें हा दोष झाला असता. येथें त्या तपासल्या, म्हणूनच रोग कळला.

आतां विचारावयाचें तें हें: किती ग्रंथी तपासल्या व कोणकोणत्या जागच्या? कापाची कड निर्मळ आहे काय? उरलेला खंड काढून लाभ होईल काय, आणि श्वासाची शक्ति तें सोशील काय? ग्रंथींत रोग पोंचल्यावर बहुधा सर्व शरीरांत जाणारें औषध सुचवितात. तें कोणतें, हें ठरविण्यासाठीं गांठीची जनुकपरीक्षा करतात.

राहिलें थोरल्याचें म्हणणें. हें सारें ज्यांच्या देहावर व्हावयाचें, त्यांना न विचारतां कसें करणार? आम्ही दोघांसह त्यांच्याकडे गेलों. त्यांनीं चष्मा मागून कागद दोनदां वाचला व म्हणाले, "चार दिवस तुमची कुजबूज ऐकून मी याहून वाईट धरून बसलों होतों."

मग त्यांनीं वही मागितली, आणि वरील प्रश्न स्वतःच्या हातानें लिहून घेतले.